बिनवासाचं पॉलिश

माझ्या मामाला आमच्या घरी येताना कधी बेल वाजवावी लागली नाही. तो जिन्याच्या पहिल्या वळणावर असतानाच त्याचा वास दारापर्यंत पोचलेला असायचा. थिनर, वार्निश आणि त्यात मुरलेला घाम. आई म्हणायची, "आला माझा भाऊ," आणि दाराच्या आधी खिडकी उघडायची. लहानपणी मला तो वास फार आवडायचा. पुढे रसायनशास्त्र शिकले, त्या वासात काय काय असतं त्याची नावं परीक्षेसाठी पाठ केली, आणि मग तो आवडेनासा झाला.

मामा लाकडाला पॉलिश करतो. टेबलं, दारं, कपाटं, जिन्यांचे कठडे आणि मुख्य म्हणजे लाकडी जमिनी. आजूबाजूचे लोक त्याला पॉलिशकाका म्हणतात, त्याचं खरं नाव पोस्टमनला तरी ठाऊक आहे की नाही, शंकाच आहे. उंचीने बेताचा, गुडघ्यांना घट्टे पडलेले, उजव्या हाताची बोटं कायमची पिवळट. स्वभावाने इतका हट्टी, की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा, भिंत निदान उलट बोलत नाही. हट्ट आमच्या घराण्यातच आहे. माझ्या वाट्यालाही तो भरपूर आलाय, आणि मी जे सांगणार आहे ते दोन हट्टी माणसांनी मिळून केलेल्या घोटाळ्याबद्दल आहे. त्यात जास्त चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकते.

गेल्या वर्षी मामाचा खोकला वाढला. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसता बसलेला असतानाही. मामीने त्याला अक्षरशः दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका यंत्राच्या नळीत तीनदा जोरात फुंकायला लावलं, कागदावरची रेघ पाहिली आणि सरळ सांगितलं, की फुप्फुसांचं जे गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. थिनरला आजपासून हात लावायचा नाही. ना स्वतःच्या कामात, ना दुसऱ्याच्या.

मामीने याचा अर्थ लावला तो असा, की काम बंद. मामी घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवते, तिचं बोलणंही शिवणीसारखंच, सरळ रेघेत. तिने त्याच संध्याकाळी त्याचे कामाचे कपडे धुऊन, इस्त्री करून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर टाकले. मामाने ते खुर्चीवर चढून परत काढले. असं आठवडाभर चाललं. कपडे वर जायचे आणि खाली यायचे, दोघं मात्र त्याबद्दल चकार शब्द काढायची नाहीत.

इथे माझा शहाणपणा मध्ये आला. मी एका लहान कारखान्यात नोकरी करते. तिथे पाण्यावर आधारलेली पॉलिशं बनतात आणि माझं काम त्यांची परीक्षा घेण्याचं. फळ्यांवर थर द्यायचा, वाळवायचा आणि मग त्याला हर तऱ्हेने छळायचं. ओल्या फडक्याने हजारदा घासायचं, गरम कप ठेवायचा, ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी लावायची आणि खसकन ओढायची. पट्टीबरोबर थर निघून आला तर माल नापास. हे काम मला मनापासून आवडतं. माणसांना असं तपासता येत नाही, ते एक बरं आहे.

मी मामाला म्हटलं, की थिनर सोड, काम कशाला सोडतोस? आमचं पॉलिश वापर. त्यात थिनर नसतंच म्हटलं तरी चालेल, इतकं कमी. प्लॅस्टिकच्या जातीचे, डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत असतात. थर दिला की पाणी उडून जातं, कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि एकमेकांत मिसळून त्यांचा एकच सलग पापुद्रा होतो. हवा फार गार असली तर ते मिसळत नाहीत, भुकटीसारखे सुटे राहतात, तेवढं सांभाळायचं. पिवळं पडत नाही, पेट घेत नाही, ब्रश नळाखाली धुता येतो.

डबा उघडून आत पाहिल्यावर मामा म्हणाला, "हे दूध आहे. मी पॉलिश करतो, चहा नाही."

मी सांगितलं, की वाळलं की काचेसारखं स्वच्छ होतं. त्याचा विश्वास बसेना. मग मी त्याला सांगितलं, की याच जातीचे थर किती ठिकाणी असतात ते बघ. भिंतीच्या रंगात असतात, पुस्तकाच्या गुळगुळीत वेष्टणावर असतात, चामड्याच्या पर्सवर असतात, इतकंच काय, तो सकाळी घेतो त्या खोकल्याच्या गोळीवरचा चकचकीत थरसुद्धा पाण्यातूनच दिलेला असतो. मामाने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाला, म्हणजे इतके दिवस मी पॉलिशच गिळतोय म्हण की.

पहिला प्रयोग त्याच्या गॅलरीत झाला. मी कारखान्यातून एक फळी आणली होती. मामाने त्याचा लाडका ब्रश काढला, डुकराच्या केसांचा, वीस वर्षांचा. पाच मिनिटांत त्या ब्रशचे केस पाणी पिऊन फुगले आणि लुळे पडले. मामाचा चेहरा बघवेना. मी नायलॉनचा ब्रश पुढे केला, तर म्हणाला, त्यापेक्षा झाडूच दे ना. शेवटी घेतला. मग तो जुन्या सवयीने एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवायला लागला, आणि तेवढ्यात ते वाळायला लागून त्यावर ओरखडे उठले. मी ओरडले, की एकदाच फिरव आणि पुढे सर, ओली कड सोडू नकोस. तो माझ्यावर ओरडला, की मला शिकवू नकोस. मामी आतून मशीन थांबवून ऐकत होती, ते मला तिच्या सावलीवरून कळत होतं.

वाळल्यावर लाकडाचे तंतू उभे राहिले आणि फळी गालावरच्या दोन दिवसांच्या दाढीसारखी खरखरीत झाली. पाणी लागल्यावर लाकूड हे करणारच, मी त्याला बारीक पॉलिश पेपर दिला, त्याने हलक्या हाताने घासलं, दुसरा थर दिला. या खेपेस एकदाच, सरळ, कडेला कड जोडत. मी दुरून बघत होते. माझ्या कारखान्यात यंत्रं आहेत, पण असा थर मी यंत्रालाही देताना पाहिला नव्हता. अर्ध्या तासात दूध नाहीसं झालं आणि खाली लाकूड दिसायला लागलं. मामा नाक टेकवून हुंगत होता. थर वाळला की नाही हे तो कायम नाकाने ठरवायचा, वास गेला की वाळला, आणि इथे वास मुळातच नव्हता. तो बिचारा हुंगतच राहिला.

"लाकडाला रंग चढत नाही याने," तो शेवटी म्हणाला. "आजाऱ्यासारखं दिसतं." पण बोटं फळीवरून काढत नव्हता.

त्याच आठवड्यात वाचनालयाचं काम आलं. वाचनाच्या मोठ्या खोलीत फिकट रंगाच्या लाकडाची जुनी जमीन आहे, वरच्या मजल्यावर लहान मुलांचा विभाग आहे. थिनरचं पॉलिश केलं तर वासाने आठवडाभर सगळी इमारत बंद ठेवावी लागली असती, म्हणून ग्रंथपाल बाईंना पाण्याचंच हवं होतं. मामीने नाही म्हटलं. मामाने हो म्हटलं. शेवटी जेवायच्या टेबलावर माझ्यासमोर करार झाला. ही जमीन नीट झाली तर मामा पाण्याच्या पॉलिशवर काम करत राहणार. बिघडली तर ब्रश कायमचे खाली ठेवणार आणि पुन्हा विषय काढणार नाही. मामा शब्दाचा पक्का आहे हे मामीला ठाऊक होतं, म्हणून तर ती तयार झाली.

मला या करारात काही धोका वाटला नाही. माल मी स्वतः तपासलेला, हात मामाचा. काय बिघडणार होतं?

पाचव्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा मला कारखान्यात फोन आला. आवाज थंड होता. म्हणाल्या, "तुमच्या दुधात माश्या पडल्यात. येऊन बघा."

मी गेले. खोलीत शिरले. सगळ्या जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चहाची पूड उडाल्यासारखे बारीक तपकिरी ठिपके होते. शेकडो. थराच्या वर नव्हते, आत होते. मामा दोन थर देऊन तिसऱ्यासाठी आला होता, त्याने ते पाहिले, बाईंना एवढंच सांगितलं की धूळ टिपायची राहिली, माझा हात गेला, दुसरा माणूस बघा, आणि पिशवी तिथेच टाकून निघून गेला.

मी गुडघ्यांवर बसले आणि भिंग काढलं. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी केसाहून बारीक तारेचा तुकडा होता, गंजलेला. मला पिशवी उघडायचीही गरज नव्हती, तरी उघडली. आत स्टील वूलचा गुंडा होता, भांडी घासायच्या तारेच्या घासणीसारखाच, पण कापसाइतका मऊ. जुने पॉलिशवाले दोन थरांच्या मध्ये याने घासतात. पेपरापेक्षा रेशमी हात येतो. त्याच्या तारांचे कण लाकडात अडकतात, पण तेलाच्या वार्निशखाली ते तसेच पडून राहतात, कोणाला दिसत नाहीत. मामाने आयुष्यभर हेच केलं होतं. पाण्याच्या पॉलिशखाली तेच कण दोन दिवसांत गंजतात.

आमच्या प्रत्येक डब्याच्या मागे सूचना असतात. सहाव्या ओळीत लिहिलंय, दोन थरांच्या मध्ये स्टील वूल वापरू नये. ती ओळ मी लिहिली आहे. मीच अक्षराचा आकार ठरवला, जागा पुरावी म्हणून मीच तो लहान केला. गॅलरीत मी मामाला काय वापरायचं ते सगळं सांगितलं होतं, काय वापरायचं नाही ते सांगायला विसरले. मला ते इतकं साधं वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. आणि त्याने जेव्हा वाचनालयाचं काम सगळ्यांत उत्तम व्हावं म्हणून आपला सगळ्यांत उत्तम उपाय वापरला, तेव्हाच ते बिघडलं.

मी तडक मामाच्या घरी गेले. तो आत झोपला होता. दुपारी झोपणं त्याच्या स्वभावात नाही. मामी मशीनवर होती. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, की चूक मामाच्या हाताची नाही, माझी आहे, जमीन घासून पुन्हा करता येईल. तिचा पाय थांबला. तिने सुई कापडात तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, त्याला वाटतंय त्याचा हात गेला.

"वाटू दे. फुप्फुसं गेली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बसले नाहीत घरी. हात गेला असं वाटलं तर बसतील."

मी म्हटलं, पण या पॉलिशमध्ये तसलं काही नाही. ती म्हणाली, वास येत नाही म्हणजे विष नाही, असं कोणी सांगितलं? हा मुद्दा खोटा नव्हता. पाण्याच्या पॉलिशमध्येही थोडं काहीतरी असतंच, खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागतात, घासताना तोंडावर मास्क लावावाच लागतो. खूपच कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिने मशीन पुन्हा सुरू केलं, मग थांबवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, की रात्री त्यांचा श्वास ऐकत मी जागी असते, तू नसतेस.

मी दोन दिवस तोंड शिवून बसले. यात मामीवरचं प्रेम किती आणि माझा भित्रेपणा किती, याचा हिशोब मी आजही लावत नाही. मामीने गप्प राहायला सांगितलं याचं मला मनातून बरंच वाटलं होतं, कारण त्यामुळे मामाच्या समोर उभं राहून "माझं चुकलं" म्हणावं लागणार नव्हतं. कारखान्यात फळ्यांवरून चिकटपट्ट्या ओढत होते आणि प्रत्येक ओढीला स्वतःला शिव्या देत होते.

तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून गेले. मी दारात पोचले तेव्हा शेजारची बाई एक लहान स्टूल घेऊन उभी होती, जरासं पॉलिश करून देता का म्हणून. मामा तिला म्हणत होता, दुसरं कोणीतरी बघा, माझा हात राहिला नाही आता. ती स्टूल घेऊन परत गेली. मामाने मला आत घेतलं, खुर्चीत बसला आणि उजवा हात माझ्यासमोर आडवा धरला.

"बघ गं," तो म्हणाला. "कापतोय का?"

मी पाहिला. हात कापत नव्हता. चाळीस वर्षं जमिनी घासलेला, नखांत तपकिरी रेघा असलेला तो हात टेबलावरच्या पट्टीसारखा सरळ होता.

"मला पण नाही दिसत," तो म्हणाला. "तेच तर. गेला आणि मला कळलंसुद्धा नाही. निदान डोळे तरी जायचे होते, म्हणजे चूक दिसली नसती."

मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, मामीचा, सगळ्यात जास्त माझा. मी म्हटलं, "मामा, तुझा हात नाही गेला. स्टील वूल गंजलं. पाण्याखाली ते गंजतं. मी तुला सांगायला हवं होतं."

मी शिव्यांची वाट बघत होते. आत मामीचं मशीन थांबलं होतं.

"डब्यावर लिहिलंय?" त्याने विचारलं.

"सहाव्या ओळीत. मीच लिहिलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तू वाचशील."

"मला वाटलं तू सांगशील," तो म्हणाला. हात खाली घेतला, मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला. मग ज्या आवाजात तो कायम कामाचं बोलतो त्या आवाजात म्हणाला, "मग घासायचं कशाने?"

मामी बाहेर आली. तिने आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला, जरा जोरातच, आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मामाशीही नाही.

वाचनालयात मी ग्रंथपाल बाईंना सांगायला सुरुवात केली, की यात चूक आमच्या कारखान्याची, म्हणजे माझी. मामाने मला मध्येच तोडलं. म्हणाला, ब्रश माझ्या हातात होता, जमीन मीच नीट करून देणार. बाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बहुधा त्यांच्याकडे चूक कोणाची यावर भांडायला येणारे लोक पुष्कळ, आणि ती स्वतःकडे ओढणारे कमी येत असावेत. त्यांनी आणखी एक आठवडा दिला आणि वाचकांच्या खुर्च्या बाहेरच्या पॅसेजमध्ये मांडून घेतल्या.

सुरुवातीचे चार दिवस आम्ही दोन्ही थर घासून काढले. मी रजा टाकली होती. मामाने मास्क लावला, तोही कुरकुर न करता. लाकूड उघडं पडल्यावर मी प्रयोगशाळेतलं मोठं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या जमिनीवरून फिरवलं, आणि त्याला चिकटून आलेली तारेची लव मामाला दाखवली. त्याने ते चुंबक माझ्या हातातून घेतलं आणि सगळी जमीन स्वतः पुन्हा एकदा तपासली. गुडघ्यांवर, इंचाइंचाने. पाचव्या दिवशी पहिला हात झाला. वाळल्यावर त्याने पॉलिश पेपरने घासलं, धूळ टिपली, आणि दुसऱ्या हातासाठी सकाळची वेळ ठरवली, ऊन खिडकीत यायच्या आतली.

त्या सकाळी तो दूरच्या भिंतीपासून सुरू करून पाव खोली उरकून आला होता, आणि मी दारात दुसरा डबा ढवळत उभी होते, गदागदा हलवायचा नाही, हलवला की बुडबुडे होतात. तेवढ्यात माझ्या पाठीमागे पावलं वाजली. मामी होती. पर्स खांद्याला, केस नीट बांधलेले, शिवणाचा दिवस सोडून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दारातूनच म्हणाली, "अहो. उठा. घरी चला."

मामाने मान वळवली नाही. ब्रश चालूच होता. "आता थांबता येत नाही," तो म्हणाला. "कड वाळेल."

ते खरं होतं. त्या पॉलिशमध्ये एकदा सुरुवात केली की भिंतीपासून दारापर्यंत न थांबता यावं लागतं. ओली कड वाळली की तिथे कायमची रेघ राहते. मामी दोन पावलं आत येणार होती, पण मी हात आडवा धरला, टिपलेल्या जमिनीवर पावलांची धूळ चालली नसती. ग्रंथपाल बाईंनी मागून एक खुर्ची आणून दारात ठेवली. मामी उभी राहिली, उभी राहिली आणि मग बसली. पर्स मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मामा गुडघ्यांवर होता, मागे मागे सरकत. ब्रश डब्यात, मग लाकडावर, लांब आणि सरळ, ओल्या कडेत मिसळून उचललेला. पांढरा पट्टा, त्याच्या शेजारी दुसरा. तो घाई करत नव्हता आणि थांबतही नव्हता. मी मामीकडे पाहिलं. तिची नजर त्याच्या मनगटावर होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिने त्याला काम करताना आजवर कधीच पाहिलेलं नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ती एकदा जेवण घेऊन गेली होती आणि वासाने तिथेच ओकली होती, हे आईने मला कधीतरी हसत सांगितलं होतं. मग ती कधी गेलीच नाही. कोणीच जात नसे. मामा काम सुरू करायचा तेव्हा लोक आपापली माणसं घेऊन घराबाहेर पडायचे आणि दारं लावून घ्यायचे. आत त्याने काय केलं, कसं केलं, हे कोणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी फक्त चकाकणाऱ्या जमिनी पाहिल्या.

तो दोनदा खोकला. दोन्ही वेळा मामीची बोटं पर्सवर घट्ट झाली. पण खोकला तेवढ्यावरच थांबला.

अर्धी खोली झाली तेव्हा मामी अचानक म्हणाली, "अहो, डावीकडे. खांबापाशी राहिलंय."

मला काही दिसत नव्हतं. मामा वाकला, गाल जवळपास जमिनीला टेकवून आडव्या उजेडात पाहिलं. हाताएवढी जागा कोरडी राहिली होती. त्याने लांबून ब्रश टेकवला, भरली, कडेला जोडली.

"अजून?" त्याने विचारलं.

मामी पुढे झुकून सगळी जमीन बघत होती. "नाही. आता नीट आहे."

त्यानंतर तो दर दोन पट्ट्यांनी किंचित थांबायचा, अगदी क्षणभर, आणि ती म्हणायची, "हं." बस, एवढंच. तो पुढे, म्हणजे मागे, सरकायचा. मी डबा ढवळायचं विसरले. मला त्या दारात उभं राहायचा काही हक्क नाही असं वाटायला लागलं, पण हललेही नाही.

शेवटचे पट्टे आले तेव्हा त्याची पाठ तिच्या गुडघ्यांना लागेल इतकी जवळ आली. मामी उठली, खुर्ची उचलून पॅसेजमध्ये मागे घेतली आणि त्याला जागा करून दिली. त्याने उंबऱ्याशी शेवटचा हात ओढला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. धापा टाकत होता. मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास खाली बसेपर्यंत तसाच ठेवला. आत सगळी खोली पांढरी होती, आणि खिडकीकडून, जिथून सुरुवात झाली होती तिथून, लाकूड दिसायला लागलं होतं.

"हे असं करायचात तुम्ही?" ती म्हणाली. "रोज?"

"हो."

"मला वाटायचं, नुसतं फासून येता."

मामाने ब्रश माझ्या हातात दिला, धुवायला. मी तो घेऊन नळाकडे निघाले, तेव्हा मागून मामीचा आवाज आला. ती त्याला विचारत होती, की अजून एक हात द्यायचाय ना, कधी? तो म्हणाला, उद्या, याच वेळेला.

"मग उद्या डबा दोघांचा भरते," मामी म्हणाली.